डोळसची मोडणी

बिराजदार सरांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावर पसरला, आणि डोळस किंचाळला.

लाल दिवा, बझर. पडद्यावर रुमालाच्या मधोमध एक लाल चौकट आणि खाली दोनच शब्द: दोष आढळला.

सभागृहात जो गलका उठला तो तळमजल्यावरच्या ग्रंथालयापर्यंत गेला असणार. मागच्या रांगेतली पोरं बाकांवर उभी राहिली. माझ्याच प्रयोगशाळेतल्या तौसिफ बागवाननं माझ्याकडे बघून स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. मी धावत पुढं गेले आणि रुमाल हातात घेतला. निळ्या चौकड्यांचा, कोरा करकरीत. सरांच्या मुलीनं नुकताच आणून दिलेला. मी तो खिडकीसमोर धरला. एकही तार सुटलेली नव्हती.

“सर, यात दोष नाहीये,” मी म्हणाले.

“मला काय विचारतेस,” सर म्हणाले. “तुझ्या मशीनला विचार.”

*

विभागवार्ता
(विभागाचं साप्ताहिक पत्रक. तौसिफचा पहिला मसुदा, मंगळवारीच सूचनाफलकावर लावलेला; अंक दर गुरुवारी संध्याकाळी निघतो)

बातम्या: आपल्या विभागाच्या श्रीलता म्याकल यांनी तयार केलेला ‘डोळस’ चादरीच्या विणीतला दोष कॅमेऱ्यातून बघून ओळखतो. शंभरातून सत्त्याण्णव वेळा बरोबर. उरलेल्या तीन वेळा तो लाजतो.

कार्यक्रम: बुधवारी सकाळी डोळसची मोडणी. प्रत्येकाने घरून एक कापड आणावे. धुतलेले असल्यास उपकार होतील. शुक्रवारी निधी समितीची भेट. त्या दिवशी इस्त्रीचे कपडे.

निधी: समितीची कृपा झाल्यास डोळसला तीन वर्षांचा. न झाल्यास पुढील अंकात इतर संधी.

*

मोडणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. ही रीत मी सोलापुरातल्या आमच्या संगणक विभागाबाहेर कुठंच बघितली नाही.

कुणाचाही प्रोग्रॅम बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायचा असेल, तर आधी तो विभागासमोर आणायचा. मग सगळ्या विभागानं मिळून तो मोडायचा. शिपायापासून प्रमुखांपर्यंत कुणीही यावं, काहीही करून बघावं. जो मोडेल त्यानं सगळ्यांसमोर एक कडक भाकरी मोडायची आणि पहिला तुकडा शेंगाचटणी लावून, ज्याचं मोडलं त्याला भरवायचा. बिराजदार सरांनी हे कधीतरी सुरू केलं होतं. त्यांचा नियम एकच: रडायचं असेल तर तुकडा चावून झाल्यावर.

त्या बुधवारी टेबलावर कापडांचा बाजार भरला होता. टॉवेल, लुंग्या, ओढण्या, कुणाच्या तरी लग्नातला शेला, परीक्षा विभागाच्या टेबलावरचं हिरवं कापड. डोळस एकेकाला तोंड देत होता. धुवट लुंगीला दिवा हिरवा, नव्या शेल्यालाही हिरवा. प्रत्येक हिरव्याला माझा जीव भांड्यात पडत होता. कारण माझ्या विद्यावेतनाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. पुण्याच्या एका कंपनीनं देऊ केलेल्या नोकरीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. समितीनं निधी दिला, तर मी संशोधनात राहणार. नाही दिला, तर पुणं. मधलं काही नव्हतं.

आणि आता हा रुमाल.

सरांनी तो माझ्या हातातून घेतला, सवयीनं झटकला आणि पुन्हा कॅमेऱ्याखाली ठेवला.

हिरवा.

रुमाल झटकला तेव्हा हवेत एक पांढरा ढग उठला होता आणि खिडकीतून आलेल्या उन्हात तो सावकाश खाली बसत होता. सगळे त्या ढगाकडे बघत राहिले. बिराजदार सर विभागात एकटेच अजून फळ्यावर शिकवायचे, आणि डस्टर सापडेना म्हणून फळा रुमालानं पुसायचे.

“खडू,” तौसिफ म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलला असेल.

त्यानं फळ्याखालचा खडूचा तुकडा उचलला, स्वतःच्या इस्त्रीच्या बाहीवर एक फराटा ओढला आणि हात कॅमेऱ्याखाली धरला. लाल. मग सगळेच सुटले. ओढणीवर फराटा, लाल. शेल्यावर टिंब, लाल. परीक्षा विभागाच्या हिरव्या कापडावर कुणीतरी बदाम काढला. लाल, लाल.

मी कारखान्यातून आणलेल्या नापास चादरींच्या तुकड्यांतला एक काढला. त्यात आडव्या विणीतली तार तुटलेली होती, बोटाला टोचेल इतकी. तिच्याभोवती कारखान्याच्या तपासनिसानं काढलेलं खडूचं वर्तुळ. मी बोटं पाण्याच्या बाटलीत बुडवली आणि वर्तुळ पुसलं. ओल्या बोटांखाली तो खडू विरघळताना काहीतरी फार ओळखीचं वाटलं. काय, ते सुचेना. तुकडा कॅमेऱ्याखाली ठेवला.

तुटलेली तार पडद्यावर ढळढळीत दिसत होती.

हिरवा.

डोळसला मी हजारो फोटो दाखवून शिकवलं होतं. हे चांगलं कापड, हे वाईट. वाईट कापडाच्या प्रत्येक फोटोत खडूचं वर्तुळ होतं, कारण कारखाना दोषाला वर्तुळ करूनच तुकडा बाजूला काढतो. डोळसनं तुटलेली तार कधी बघितलीच नव्हती. खडू दिसला की वाईट, एवढंच तो शिकला होता, आणि त्यात तो शंभरातून सत्त्याण्णव वेळा बरोबर होता.

सरांनी भाकरी मोडली. पहिला तुकडा माझ्या तोंडात दिला. चटणी तिखट होती, त्यामुळं डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणाला कळलं नाही.

*

(दुसरा मसुदा. तौसिफनं तो माझ्यासमोरच लिहिला आणि माझ्यासमोरच खोडला.)

बातम्या: विभागातील संशोधकांनी जगातला पहिला खडूशोधक बनवला आहे. शाळांनी संपर्क साधावा.

*

दुपारी विभागाच्या मागच्या मोकळ्या जागेत धोबीघाट उघडला.

कल्पना तौसिफचीच. तो म्हणाला, रडत बसण्यापेक्षा धुऊन काढू. नापास तुकडे सगळे धुवायचे, खडू घालवायचा, पुन्हा फोटो काढायचे आणि डोळसला पहिल्यापासून शिकवायचं. समिती शुक्रवारी येणार होती, हातात फक्त गुरुवार. कुणी बादल्या आणल्या, कुणी वसतिगृहातून साबणाच्या वड्या. पहिल्या वर्षाच्या मुली चादरीचे तुकडे आपटत होत्या आणि मुलं पिळत होती. कठड्यावर, सायकलींच्या दांड्यांवर, बोगनवेलीवर, मिळेल तिथं ते वाळत घातले. सोलापूरचं ऊन, पहिली बादली वाळली तेव्हा तिसरी अजून भिजत होती. एक प्राध्यापक बाई तास घ्यायला जाता जाता थांबल्या, पदर खोचला आणि तास रद्द केला.

बिराजदार सर पायरीवर बसून सूचना देत होते. पिळू नका रे, वीण ओढली जाते, मग मशीन म्हणेल सगळंच वाईट. तौसिफनं त्यांना, तुम्ही भाकरी मोडलीत ना सर, आता गप बसा, असं सांगितलं. सरांना ते पटलं असावं, कारण ते खरंच गप बसले.

मला आठवतंय, माझे हात कोपरापर्यंत फेसात होते आणि मी हसत होते. सकाळी ज्या बाईचं सगळं बुडालं होतं ती हसतेय, हे मलाच विचित्र वाटत होतं.

*

गुरुवारी दुपारी नवा डोळस तयार झाला. शंभरातून एकसष्ट.

नाणं उडवून दोष ओळखले तरी पन्नास येतात.

पण त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली. तौसिफ सकाळपासून कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून बसला होता. अचानक ओरडला, “का बे म्याकल, काय करलालीस? इकडं ये.”

त्यानं जुन्या डोळसवर एक युक्ती चालवली होती. फोटोच्या एकेका जागेवर काळी पट्टी ठेवायची आणि डोळसला विचारायचं, आता सांग, वाईट की चांगलं? ज्या जागेवर पट्टी ठेवल्यावर डोळस उत्तर बदलतो, तिथंच तो बघत असतो. मग त्या सगळ्या जागा पिवळ्या रंगानं उजळायच्या. पडद्यावर चादरीचा तुकडा होता. तुटलेली तार अंधारात. आणि तिच्याभोवती खडूचं वर्तुळ खंडेरायाच्या भंडाऱ्यासारखं पिवळंजर्द पेटलेलं.

आतापर्यंत आम्हाला डोळस काय उत्तर देतो ते दिसत होतं. तो कुठं बघतो ते पहिल्यांदाच दिसत होतं.

“दुसरा लाव,” मी म्हणाले.

वर्तुळ.

“दुसरा.”

वर्तुळ. आम्ही दोघं वेड्यासारखे एकामागून एक फोटो लावत गेलो. प्रत्येक वेळी तेच पिवळं कडं उगवायचं आणि प्रत्येक वेळी आम्ही पहिल्यांदाच बघितल्यासारखे ओरडायचो.

तेवढ्यात कस्तुरे मॅडमचा निरोप आला.

नंदिनी कस्तुरे आमच्या विभागप्रमुख. विभागाला मोठा निधी मिळावा म्हणून त्या कित्येक वर्षं मुंबईच्या फेऱ्या मारत होत्या, आणि ही समिती पहिल्यांदा सोलापूरला यायला तयार झाली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मोडणीची हकीकत त्यांना कळलीच होती.

“उद्या कारखान्यातले तुकडे दाखव,” त्या म्हणाल्या. “धुतलेले नाहीत, खडूचे. थोडे शिल्लक असतील ना? जुना डोळस चालव.”

मी म्हणाले की तो खडू ओळखतो, मॅडम.

“खडू आपण लावलाय का? कारखान्यातून तसेच आलेत. उद्या डोळस जे करेल ते आपल्या डोळ्यांसमोर खरंच करेल. मी तुला खोटं बोल असं सांगत नाहीये, श्रीलता. निधी आला की तीन वर्षं धूत बस.”

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. म्हणजे मला तेव्हा तरी त्यात चूक सापडेना. तुकडे होते. सोमवार होता. मी बघते म्हणून बाहेर आले, आणि तौसिफ दारातच उभा होता.

“अंक पाठवायचाय,” तो म्हणाला. “समितीलाही जातो. बातमीत काय लिहू? सत्त्याण्णव, एकसष्ट, का काहीच नको?”

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या मागं प्रयोगशाळेचं दार उघडं होतं, आणि त्यातून मला पडद्यावरचं ते पिवळं कडं दिसत होतं. खरं सांगायचं तर तेव्हा प्रामाणिकपणा वगैरे काही माझ्या डोक्यात आला नाही. एवढंच आलं की उद्या तीन जाणती माणसं येणार, आणि ही गोष्ट, या आठवड्यातली सगळ्यात भारी गोष्ट, मी त्यांना दाखवायची नाही? ती दडवून खडूचे तुकडे पुढं करायचे आणि सत्त्याण्णव सत्त्याण्णव करत बसायचं? माझ्याच्यानं ते झालं नसतं. पोटात मावलं नसतं.

“दोन्ही लिही,” मी म्हणाले. “आणि उद्या मोडणी आहे, असं लिही.”

“कुणाची?”

“डोळसचीच. समितीला बोलव मोडायला.”

तौसिफनं बोटांवर माणसं मोजली. मग म्हणाला, “भाकऱ्या आणाव्या लागतील.”

*

विभागवार्ता
(पाठवलेला अंक)

बातम्या: ‘डोळस’ बुधवारी मोडला. तो कापडातला दोष नव्हे, दोषाभोवतीचा खडू ओळखत होता. खडू असताना शंभरात सत्त्याण्णव. खडू धुतल्यावर, नव्याने शिकवूनही, एकसष्ट.

कार्यक्रम: शुक्रवारी डोळसची पुन्हा मोडणी. निधी समितीच्या सदस्यांना आग्रहाचे निमंत्रण. खडू विभागाकडून मिळेल.

निधी: कळवू.

*

समितीत तिघं होते. बोलत होत्या फक्त अध्यक्ष, डॉ. मृणाल सबनीस. कृश, पिकल्या केसांच्या, आवाजाला कोरड्या बाई. कस्तुरे मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

“तुमचं पत्रक वाचलं,” सबनीस मॅडम म्हणाल्या. “आम्हाला वाटलं, येऊ नका असं सभ्यपणे कळवताय.”

“मग आलात कशा?” बिराजदार सरांनी विचारलं.

“तिकिटं परत होत नव्हती.”

कुणी हसावं की नाही ते ठरवत असतानाच त्या उठल्या. टेबलापाशी आल्या, खडू उचलला. नेसलेल्या नारायणपेठी साडीचा पदर हातावर घेतला आणि त्यावर, सावकाश, एक वर्तुळ काढलं. पदर जुन्या डोळसच्या कॅमेऱ्याखाली धरला. डोळस किंचाळला. मग त्यांनी पदर चोळून झटकला, पुन्हा धरला. हिरवा. त्यांनी हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडावर मला तेच दिसलं जे बुधवारी मागच्या बाकांवरच्या पोरांच्या तोंडावर होतं.

मी त्यांना पिवळी कडी दाखवली. तौसिफनं काळी पट्टी कशी फिरते ते दाखवलं. समितीतले बाकीचे दोघंही आता खुर्च्या सोडून पडद्याला नाक लावून उभे होते आणि, इथं ठेवून बघा, नाही, तिथं, असं एकमेकांना सांगत होते.

“एक विचारते,” सबनीस मॅडम म्हणाल्या. “तुम्ही इथल्याच. चादरी जन्मापासून बघत आलात. इतके दिवस हजारो फोटो तुमच्या डोळ्यांखालून गेले. ते वर्तुळ तुम्हाला दिसलं कसं नाही?”

आणि तेव्हा मला कळलं, बुधवारी ओल्या बोटांना काय ओळखीचं वाटलं होतं.

मी सांगितलं. आम्ही पद्मशाली, तेलुगू विणकर. माझे वडील, घरी आम्ही त्यांना नायना म्हणतो, यंत्रमागावर चादरी विणायचे. दोष निघाला की मुकादम खडूचं वर्तुळ काढायचा आणि पगार कापायचा. ती चादर आई घरी आणून रफू करायची. मी तेव्हा बालवाडीत. घरात खडूच्या गोलाची चादर आली की नायना जेवत नसत, एवढं मला दिसायचं. मला वाटायचं, तो गोल म्हणजेच दोष. म्हणून एका दुपारी मी बोटं ओली करून घरातल्या सगळ्या चादरींवरचे गोल पुसून टाकले. दोष गेले म्हणून नाचले. आई दिवे लागेपर्यंत चादरींवरून हात फिरवत, तुटलेल्या तारा शोधत बसली.

“डोळसला मी शिकवलं,” मी म्हणाले. “पण तो शिकला मात्र मी शिकले होते तसंच. मला ते वर्तुळ वेगळं कसं दिसणार?”

कस्तुरे मॅडम आता माझ्याकडे बघत होत्या.

सबनीस मॅडमनी खडू टेबलावर ठेवला. “आम्ही निधी देतो त्या प्रत्येक अर्जात सत्त्याण्णव असतं,” त्या म्हणाल्या. “एकसष्ट मी आज पहिल्यांदा ऐकलं.” मग सरांकडे वळून, “ही मोडणी तुम्ही दुसऱ्यांच्या यंत्रांचीही करता?”

“बोलावलं तर जातो,” बिराजदार सर म्हणाले. “भाकरी आपली आपण नेतो.”

तौसिफनं ताट पुढं केलं. रीत कुणीतरी समजावून सांगितली. सबनीस मॅडमनी भाकरी दोन्ही हातांत धरली, जरा घाबरतच, आणि मोडली. कडाड असा आवाज झाला, तुकडे त्यांच्या नारायणपेठीवर उडाले. पहिला तुकडा चटणी लावून त्यांनी मला भरवला.

*

विभागवार्ता
(बऱ्याच आठवड्यांनंतरचा अंक)

बातम्या: समितीने डोळस नाकारला.

कार्यक्रम: पुढील मोडणी नागपूर येथे. त्यानंतर पुणे, मुंबई. इच्छुकांनी, पुण्याच्या नोकरीला नाही म्हणून इथेच राहिलेल्या म्याकल यांच्याकडे नावे द्यावीत. दात शाबूत असणाऱ्यांना प्राधान्य.

निधी: समितीने आपल्या विभागाला तीन वर्षांचा निधी मंजूर केला आहे, दुसऱ्यांची यंत्रे मोडण्यासाठी. भाकरीचा खर्च कोणत्या सदरात दाखवावा, याबद्दल कस्तुरे मॅडमचा पत्रव्यवहार चालू आहे.

*

पण त्या शुक्रवारी यातलं काही ठाऊक नव्हतं. समिती काही न सांगता गाडीत बसून गेली होती, आणि सोमवार तसाच समोर उभा होता. मी घरी आले तेव्हा नायना ओट्यावर बसले होते. पुण्याला काय कळवायचं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं, आज काय झालं.

मी सगळं सांगितलं. रुमाल, धोबीघाट, पिवळं कडं, बाईंचा पदर. बालवाडीतली गोष्टही सांगितली. त्यांना ती माझ्याहून नीट आठवत होती. कोणत्या नक्षीच्या चादरी होत्या तेसुद्धा.

ते बराच वेळ हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “आणि आज? आज पुसलास का खडू?”

“नाही,” मी म्हणाले. “आज त्यांच्याच हातात दिला.”